काढ्यातला देवदार, डबीतली कस्तुरी



घरात बाळंतपण झालं की चुलीवर बाळंतकाढा उकळतो. तो कडसर वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. साल १९७९, फाल्गुन महिना. आमचं गाव भोर तालुक्यात डोंगराच्या कुशीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी काढा करून समोर धरायच्या. काढ्याच्या पुड्यात सुंठ, पिंपळी, वेखंड असायचं, आणि पिवळसर लाकडाचे बारीक तुकडेही असायचे. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, हे सरपण कशाला घातलंय काढ्यात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सरपण नव्हं बाई, देवदार हाय त्यो. हिमालयातलं झाड. बाळंतिणीचं अंग भरून येतं त्यानं."

त्याच घरात हिमालयातली आणखी एक वस्तू होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागं एक पितळी डबी असायची. तिच्यात कापसात गुंडाळलेली कस्तुरी होती. मामंजींच्या वडिलांनी ती पंढरीच्या वारीत एका फिरत्या विक्रेत्याकडून एका खोंडाच्या किमतीला घेतली होती. घरातलं माणूस अगदी हाताबाहेर गेलं तरच ती डबी उघडायची, असा नेम होता. विठोबाच्या कपाळीचा कस्तुरीटिळा अभंगांतून ऐकत वाढलेली आपण माणसं. त्या डबीपुढं मी हात जोडत असे.

म्हणजे बघा, मी बाळंतीण असताना हिमालयातलं एक झाड आणि एक जनावर, दोन्ही आमच्या घरात होती. तेव्हा मला यांतलं काहीच कळत नव्हतं. आज या दोघांविषयी तुमच्याशी बोलायचं आहे. पण आधी त्या डबीचं सांगते.

माझी लेक चार महिन्यांची झाली आणि आषाढ लागला. लावणीचे दिवस. घरातलं प्रत्येक माणूस दिवसभर चिखलात. लेकीला सर्दी झाली, मग ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास भरभर चालायला लागला आणि दर श्वासाला बरगडीखाली खड्डा पडायला लागला. आपल्याकडं याला 'डबा झाला' म्हणतात. तालुक्याला जाणारी संध्याकाळची एसटी अजून गेलेली नव्हती. हे म्हणाले, घेऊन जाऊ. आत्याबाई म्हणाल्या, एवढ्या पावसात पोर भिजंल, आपल्या घरात कस्तुरी असताना दवाखाना कशाला. डबी उघडली. सहाणेवर मधात उगाळून चाटवली. घरभर वास सुटला. मलाही वाटलं, आता पोर वाचली. एसटीचा आवाज आला आणि निघून गेला. पहाटे लेक गेली.

आत्याबाईंना मी बोल लावत नाही. त्यांनी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू नातीसाठी काढली होती. आणि मीही तिथंच बसले होते, मलाही तोंड होतं. पण बायांनो, तुमच्या घरातल्या बाळाचा श्वास भरभर चालला आणि बरगडीखाली खड्डा पडायला लागला, तर कशाचीही वाट बघू नका. पाऊस असो, रात्र असो, बाळाला घोंगडीत गुंडाळा आणि दवाखाना गाठा. मला लिहिता येतं आणि हे पान तुमच्यापर्यंत पोचतं, तर एवढं तरी त्यातून व्हावं.

पुढं मला दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा मी देवदाराचा काढा प्याले. डबी मात्र पुन्हा कुणी उघडली नाही. मामंजी गेले, आत्याबाई गेल्या, डबी तशीच बाळकृष्णाच्या मागं राहिली.

२०१८ साली आम्ही गावातली बारा-पंधरा माणसं मिळून गंगोत्रीला गेलो. हरिद्वारहून गाडी. उत्तरकाशी सोडल्यावर रस्ता भागीरथीच्या कडेकडेनं चढत जातो आणि हरसिल नावाचं गाव लागतं. उंची अडीच हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. तिथं मुक्काम होता. सकाळी बाहेर आले तर समोर झाडंच झाडं, शेंडा बघायला मान पार मागं टाकावी लागेल एवढी उंच. मी एका बुंध्याला नाक लावलं आणि तिथंच उभी राहिले. माझ्या काढ्याचाच वास होता तो. चाळीस वर्षांपूर्वीची माझी खोली, चुलीचा धूर, पाळणा, सगळं डोळ्यापुढं आलं.

देवदार म्हटलं की आपल्याला खोकी आठवतात. फळांची, यंत्रांची, औषधांची देवदारी खोकी. ती बहुतेक खऱ्या देवदाराची नसतात. ते हलकं लाकूड चिडाचं, नाहीतर बाहेरदेशच्या पाइनचं. खरा देवदार जड, तेलकट आणि वासाचा. त्याच्या तेलामुळं वाळवी त्याला सहसा लागत नाही. म्हणून पहाडातली जुनी देवळं, घरं, पूल देवदाराचे. काश्मिरातले शिकारे आणि पाण्यावरची घरंही देवदाराची. झाड दीडदोनशे फूट सहज जातं आणि कित्येक शतकं जगतं. आम्ही तिघी बायकांनी हातात हात धरून एका झाडाला कवेत घ्यायला बघितलं, तरी बोटं भिडली नाहीत.

तिथं एक म्हातारबाबा मेंढ्या घेऊन बसले होते. जवळच्या बगोरी गावचे. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "बाबा, इथं कस्तुरी असते का हो?" त्यांनी माझ्याकडं जरा रोखूनच बघितलं. गिऱ्हाईक समजले असतील. मग मी डबीची गोष्ट सांगितली, लेकीचीही सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग बोटानं वरचा डोंगर दाखवला. म्हणाले, "माताजी, देवदाराचं रान संपतं तिथून वर कस्तुरा असतो. पण तुम्हांला तो दिसायचा नाही. आम्हांलाही दिसत नाही आता."

त्यांनी सांगितलं आणि पुढं मुलानं आणून दिलेल्या पुस्तकांत मी वाचलं, ते तुम्हांला सांगते.

कस्तुरीमृग आपल्या शेळीपेक्षाही लहान. वजन दहा ते पंधरा किलो. नराला शिंगं नसतात, त्याऐवजी वरच्या जबड्यातले दोन सुळे ओठांबाहेर आलेले असतात. आपल्या सह्याद्रीत पिसोरी असते ना, तिच्या नरालाही असेच बारके सुळे असतात, शिंगं नसतात. पण पिसोरी याच्यापुढं अगदीच एवढीशी. कस्तुरीमृगाचे मागचे पाय पुढच्यापेक्षा लांब, म्हणून कड्यावरून उड्या मारण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. एकटा राहतो. रात्री आणि संधिप्रकाशात चरतो. थंडीत सगळं बर्फाखाली गेलं की झाडांवर वाढणारं शेवाळासारखं दगडफूल खातो. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच दगडफुलाच्या जातकुळीतलं.

कस्तुरी फक्त नरालाच असते. पोटाखाली, बेंबीच्या मागच्या अंगाला, लिंबाएवढी पिशवी. ती स्वतःजवळ आहे हे न कळता तो रानभर वास शोधत फिरतो, असा दृष्टांत आपण कीर्तनात ऐकतो. दृष्टांत म्हणून तो चांगला आहे. पण खऱ्या मृगाला असला काही भ्रम नसतो. माजाच्या दिवसांत माद्यांना आपला माग लागावा म्हणून तो गंध असतो. शोधत फिरतो तो माणूस.

आता या दोघांना शेजारी उभं करा. मला वाटायचं, यांच्यात काय सारखं असणार? एक जागचं हलत नाही, दुसरा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पसार. पण नीट बघितलं तर तसं नाही. कस्तुरीमृग आपला मुलूख सहसा सोडत नाही. बर्फ पडलं तरी तिथंच. रोज त्याच वाटांनी जातो, ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. म्हणजे पाय असून तो झाडासारखा रुजलेला. आणि देवदार एका जागी उभा असला तरी त्याचं बी पंखांचं. त्याची फळं बोंडासारखी फांदीवर ताठ उभी राहतात. पिकायला वर्षभर लागतं, मग झाडावरच सुटी होतात आणि बी वाऱ्यावर निघतं. एका डोंगरावरचं झाड पिढ्यापिढ्यांनी पलीकडच्या डोंगरावर जातं.

मृगाच्या या रुजलेपणानंच त्याचा घात होतो. म्हातारबाबांनी सांगितलं, "शिकारी धारेवर काटक्यांचं लांबच लांब कुंपण घालत. मधे मधे फटी ठेवत आणि प्रत्येक फटीत फास. कस्तुऱ्याची वाट ठरलेली. तो येणारच." मी विचारलं, "मग मादी आली तर?" बाबा म्हणाले, "फास नर-मादी बघत नाही, माताजी. मादी सापडते, पाडस सापडतं. त्यांच्याजवळ काही नसतं. ती नुसतीच मरतात."

एका नराजवळ साधारण पंचवीस ग्रॅम कस्तुरी निघते. म्हणजे दोन तोळ्यांच्या आसपास. किलोभर कस्तुरीला चाळीस नर. त्यांच्याबरोबर फुकट गेलेल्या माद्या आणि पाडसं धरायची ती वेगळीच. मादीला वर्षाला एकच पाडस होतं, क्वचित दोन. मे-जूनच्या सुमाराला विते, पाडसाला झुडपात दडवते आणि दूध पाजायला तेवढी येते. आता ती आलीच नाही तर? बाबा बोलत होते आणि मला आमची पहाट आठवत होती. त्या डबीसाठी कुठंतरी एक जीव गेला होता, कदाचित दोन-तीन गेले होते. माझी लेकही वाचली नव्हती आणि तो मृगही वाचला नव्हता. कुणाचंच काही झालं नव्हतं.

देवदाराचंही असंच आहे. आपला साग तोडला की खुंटाला धुमारे फुटतात. देवदाराच्या खुंटाला फूट येत नाही. तोडला की संपला. पुन्हा बियाण्यापासूनच सुरुवात, आणि झाडाला भरपूर बी धरायला तीस-चाळीस वर्षं लागतात.

हरसिलला या दोघांचा एकच वैरी होऊन गेला, तेही ऐका. फ्रेडरिक विल्सन नावाचा एक इंग्रज एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या खोऱ्यात आला. आधी त्यानं कस्तुरीच्या पिशव्या आणि रानपाखरांच्या कातड्यांचा धंदा केला. मग टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला. देवदार तोडायचे, ओंडके भागीरथीत सोडायचे आणि खाली हरिद्वारला गोळा करायचे, असा त्याचा कारभार. तेव्हा देशात रेल्वेचे रूळ पडत होते. रुळांखाली घालायला न कुजणारं, वाळवी न लागणारं लाकूड हवं होतं. देवदाराचा गुणच त्याच्या जिवावर उठला. विल्सन गडगंज झाला, लोक त्याला राजा म्हणायला लागले. १८८३ साली तो वारला, मसुरीला त्याची कबर आहे. हरसिलला त्यानं बांधलेला देवदाराचा बंगला होता, तो १९९७ साली जळाला. मात्र त्यानं तिथं सफरचंदाची झाडं लावली, आणि आज त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची रोजीरोटी सफरचंदावर आहे. माणूस सगळाच वाईट नसतो. पण चांगलं एक पारडं भरलं म्हणून दुसऱ्या पारड्यातलं ओझं नाहीसं होत नाही.

पुढं दोघांनाही कुणीतरी वाली भेटला. २६ मार्च १९७४ रोजी याच गढवालात, रेणी गावात, गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या बाया ठेकेदाराच्या माणसांपुढं उभ्या राहिल्या आणि झाडं तोडू दिली नाहीत. चिपको आंदोलन ते हेच. आपल्यासारख्याच चूल, गोठा आणि शेत सांभाळणाऱ्या बाया होत्या त्या. त्या आंदोलनामुळं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पहाडात हजार मीटरच्या वरच्या हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. मृगासाठी १९७२ साली कायदा झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. त्याच वर्षी केदारनाथचं अभयारण्य झालं. तिथं कांचुला खर्क इथं १९८०च्या दशकात कस्तुरीमृग पाळून वाढवायचा प्रयत्नही झाला, पण तो टिकला नाही. आज तो उत्तराखंडाचा राज्यप्राणी आहे. चीनमध्ये त्याला पाळून, न मारता कस्तुरी काढतात. वासाचं म्हणाल, तर लिओपोल्ड रुझिका या शास्त्रज्ञानं १९२६ सालीच त्या वासातल्या मुख्य घटकाची रचना उलगडली. आता अत्तरात, उदबत्तीत कारखान्यात बनवलेला वास असतो. तरीही चोरून फास लागतातच. कारण माणसाला अजून वाटतं की रानातल्या जिवाजवळ काहीतरी आहे, ते आपल्याला वाचवील.

आमच्या गावचे मास्तर एकदा म्हणाले, कालिदासानं 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात एका देवदाराची गोष्ट सांगितली आहे. शंकरानं त्या झाडाला मुलगा मानलं होतं आणि पार्वतीनं त्याला सोन्याच्या घड्यानं पाणी घालून वाढवलं होतं. एकदा रानहत्तीनं अंग घासलं आणि झाडाची साल निघाली. तेव्हा पार्वतीला पोटच्या पोराला जखम झाल्यासारखं दुःख झालं. मी ते ऐकून उठून आत गेले. झाडाची साल निघाली म्हणून रडणारी आई मला समजत होती.

यात्रेहून आल्यावर मी थोरल्या मुलाला डबीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ही घरात ठेवणं गुन्हा आहे." शेजारचा एकजण म्हणाला होता, गुपचूप विका, पैसे येतील. आम्ही ती वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिली. तिथल्या साहेबांनी कागद करून घेतला. म्हणाले, "मावशी, बाजारातली बरीचशी कस्तुरी खोटी असते, तपासून बघावं लागेल." मी म्हटलं, "तपासा. मला कळवू नका." खरी असली तर एक मृग गेला, खोटी असली तर आमचा भरवसा गेला. माझी लेक दोन्ही हिशेबांत जातेच.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी भात पोटरीला आलं आणि रानडुकरांनी धुमाकूळ घातला. धाकट्यानं बांधाच्या फटीत तारेचे फास लावले. मला समजलं तशी मी त्याला घेऊन बांधावर गेले. तो चिडला. म्हणाला, "आई, वर्षाचं पीक जातंय." त्याचं खोटं नव्हतं. डुकरानं उकरलेलं वावर बघून माझाही जीव जळतो. पण मी म्हटलं, "बाळा, फास नर-मादी बघत नाही. डुकरासाठी लावशील आणि भेकर सापडेल, बिबट्या सापडेल, आपलं कुत्रं सापडेल." त्यानं फास काढले. नुकसानीचा पंचनामा करून घेतला, भरपाई उशिरा का होईना पण मिळाली. रात्री राखणीला दोघं भाऊ आळीपाळीनं जायला लागले. थोडं भात गेलं, ते गेलं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. देवाची म्हणून तिथली काटकीसुद्धा कुणी आणत नाही. पूर्वी मला वाटायचं, हे भीतीपोटी आहे. आता वाटतं, आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं की काही गोष्टी घरात आणल्या की संपतात, रानात ठेवल्या की पुरतात. ज्यानं माझं अंग भरून आलं तो देवदार आजही हरसिलला उभा आहे. त्याच्या वरच्या धारेवर एखादा कस्तुरा आपल्या ठरलेल्या वाटेनं जात असेल. त्याची वाट मोकळी असावी.

माझ्या धाकट्या सुनेला यंदा मुलगी झाली. मी तिला बाळंतकाढा करून दिला. मुलगी दोन महिन्यांची असताना खोकली, तेव्हा सून म्हणाली, "आई, सकाळी बघू का?" मी उत्तरही दिलं नाही. मुलाला मोटरसायकल काढायला लावली आणि बाळाला घोंगडीत घेऊन मागं बसले. डॉक्टरांनी तपासलं, साधी सर्दी होती. परत येताना मुलगा म्हणाला, "उगाच धावपळ केलीस." मी म्हटलं, "हो, उगाच." नात माझ्या छातीशी निजली होती. तिचा श्वास मी घरी पोचेपर्यंत मोजत होते.